भाकर निवून राहिली

त्या हिंदी भुताच्या सिनेमात माझ्या मायचं एक वाक्य आहे. ते मीच दिलं, आणि त्याचा पस्तावा अजून जात नाही.

सिनेमाचं चित्रीकरण आमच्या नरखेड तालुक्यातल्या एका संत्र्याच्या बागेत झालं. माझा एक जुना विद्यार्थी त्यात सहायक होता. तो कॉलेजात मला भेटायला आला. म्हणाला, "सर, विहिरीत पडून मेलेली बाई पोराले हाक मारते. लेखकानं 'आओ बेटा' लिहून ठेवलं. आपल्याकडची बाई असं कुठं बोलते?"

मला फार आनंद झाला. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत गेलेला मी पहिलाच. आमची बोली मोठ्या पडद्यावर जाणार, तीही माझ्या हातून, याचं अप्रूप वाटलं. गावी गेलो तेव्हा मायला विचारलं, मेलेली आई पोराला काय म्हणेल?

ती मिरच्यांची देठं खुडत होती. "मेल्यावर का नवीन बोलीन? रोज जे बोलते थेच बोलीन."

मग तिनं मान वर न करता म्हणून दाखवलं, "ये गा राजा, जेवाले ये. भाकर निवून राहिली."

मी ते तिच्याच आवाजात फोनमध्ये टिपून घेतलं. सिनेमातल्या नटीनं ते पन्नासदा ऐकून अगदी तसंच उचललं. पडद्यावरच्या आभाराच्या यादीत माझं नाव आलं. मायचं द्यावं, हे मला सुचलंही नाही.

सिनेमा लागला तेव्हा मायला नागपूरला बोलावून दुपारच्या खेळाला नेलं. पहिला अर्धा तास लोक खरंच घाबरले होते. शेजारच्या बाईनं तर डोळ्यांवर ओढणी घेतली होती. मग विहिरीच्या कठड्यावर ती बाई आली, शांतपणे म्हणाली, "ये गा राजा," आणि सगळं थेटर हसलं. पुढच्या रांगेतलं एक पोट्टं ओरडलं, "येतो ना वं, वरण वाढून ठेव!" पुन्हा हशा.

माय माझ्याकडे वळली. "बाई बराबरच बोलली ना?"

"हो."

"मंग काहून हासून राहिले?"

"पोरं मूर्ख आहेत," मी म्हणालो.

पण ती पोरं परकी नव्हती. घरी त्यांच्या आयाही हेच बोलत असणार. हिंदी सिनेमात ही बोली आली की ती चौकीदाराच्या नाहीतर मोलकरणीच्या तोंडी यायची, हसवण्यापुरती. कानांना तीच सवय. आणि मी तरी कोण मोठा? पहिल्या वर्षाला वर्गात 'मले' म्हणालो म्हणून हशा झाला, तेव्हा वसतिगृहाच्या आरशासमोर उभं राहून 'मला, तुला' घोटलं होतं. प्रमाण भाषा शिकवणाऱ्यांचे उपकार मी मानतोच. पण आजही पेपर तपासताना 'मले' दिसलं की लाल पेन आपोआप रेघ ओढतं.

आठवडाभरात ते वाक्य मोबाइलवर सगळीकडे पसरलं. कुणी त्यावर नाचत होतं, कुणी कुत्र्याला बोलावत होतं. एका समीक्षकानं लिहिलं की भुताच्या गावठी भाषेनं भीतीचा विचका झाला. विद्यार्थ्याचा मात्र उत्साहानं फोन आला, "सर, पब्लिकले तेच आवडून राहिलं. त्याच्यावरच तिकिटं चालली."

आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी डबा उघडताना रोज म्हणायचे, "या गा राजा." ते मूळचे भिवापूरचे, बायकोशी फोनवर अस्सल बोलीत बोलणारे. शेवटी मी सांगून टाकलं की ते वाक्य माझ्या आईचं आहे.

"मंग पार्टी दे ना लेका," ते म्हणाले. "तुही माय फेमस झाली."

मी डबा तसाच मिटला.

गावात शेजारच्या पोरीनं मायला ते सगळे व्हिडिओ दाखवले. त्यानंतरच्या रविवारी मी फोन केला, तर ती म्हणाली, "तुला बरं आहे ना? जेवण झालं आहे ना?" एकेक शब्द जपून, ग्रामसेवकाशी बोलावं तसं. मला वाटलं, जवळ कुणी पाहुणे बसले असतील. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

मग मला राहवलं नाही. म्हणालो, "माय, मले असं नाही आवडत. पयल्यासारखी बोल ना वं."

किती वर्षांनी 'मले' म्हणालो. माझ्याच कानाला ते सोंग वाटलं.

ती म्हणाली, "तू काहून सिनेमातल्यावानी बोलून राहिला?"

मी काही बोलणार, तेवढ्यात तिनं स्वतःच दुरुस्त केलं. "म्हणजे, का बोलतोस असं?"