दादा कुंडलिकेत उतरले तेव्हा

माझं आजवरचं सगळ्यात मोठं साहस म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या खर्चाबद्दल विचारलेला एक प्रश्न. त्यामुळे मी कयाकिंगवर लिहितोय हे वाचून ओळखीचे लोक हसतील. हसोत. ज्यांना कोलाडला जायचंय त्यांच्या कामाची माहिती यात आहे. ज्यांना घरी बसून दुसऱ्याला भिजताना बघायचंय, त्यांचीही सोय केली आहे.

झालं असं, की माझ्या बायकोची भाची मयूरी कोलाडला कुंडलिका नदीवर पर्यटकांना कयाक शिकवते. कयाक म्हणजे एक अरुंद होडी. तीत बसलं की कमरेपर्यंत आपण होडीत असतो आणि कमरेच्या वर काळजीत. पोरगी चोवीस वर्षांची. तिच्या फोनमध्ये जगभरातल्या नद्यांची यादी आहे: नेपाळ, न्यूझीलंड, आफ्रिका, कुठंकुठं. तिच्या वयात असताना आमच्याकडे एकच यादी असायची, ती वाण्याकडे द्यायची. तर या मयूरीला नॉर्वेच्या एका नदीवर सहा महिन्यांच्या हंगामासाठी बोलावणं आलं. मे महिन्यात जायचं, आणि येणार की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं.

तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, म्हणाले, "बगू."

माझ्या सासरी 'बगू' म्हणजे 'नाही'च. फक्त पाटावर बसवून, पाणी देऊन सांगितलेलं.

मेहुण्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. पेण तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात राहतात, थोडी खारजमीन, थोडं मिठागराचं काम. वहिनी जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून घरात बाप आणि लेक, दोघंच; त्यात शनिवार-रविवार ती कोलाडलाच मुक्कामाला. शुक्रवारी त्यांचा माझ्या बायकोला फोन आला, "भावजींना पाठव गो. शिकलेलं मानूस हाय. कोलाडला जाऊन पोरीला दोन शब्द समजावतील. मी बी येतो संगं."

समजावणं म्हणजे काय ते मला समजलं. पंचवीस वर्षं ज्या जिभेला सासरी सगळे वचकून होते, तिचा पहिल्यांदाच काही उपयोग निघाला होता.

शनिवारी दुपारी ठाण्याहून निघालो. रस्त्याबद्दल वाचकांनी विचारू नये. मुंबई-गोवा महामार्गाचं काम चालू आहे, एवढंच सांगतो. हे वाक्य तुम्ही हा लेख कधीही वाचलात तरी खरं असेल. पेणला थांबून पोह्याचे पापड घेतले. सासरी जाताना सासरच्याच गावाचे पापड नेणारा मी पहिला जावई नसेन.

संध्याकाळी दादांनी मला बांधावर नेलं. खारेपाटात बांध म्हणजे समुद्र आणि भात यांच्यामधली मातीची भिंत. अलीकडे शेतं, पलीकडे खाडी, आणि भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच. बांध फुटला तर एका भरतीत शेत खारट होतं आणि पुढची कित्येक वर्षं गवताशिवाय काही देत नाही. त्यामुळे या माणसाने साठ वर्षं पाण्याकडे फक्त एकाच नजरेने पाहिलंय. आपण जिन्यात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे बघतो, तसं.

"उद्या अष्टमी," दादा म्हणाले. "आठाचं पाऊन पट करा. किती?"

"सहा."

"सकाळी सहाला पानी भरंल. मंग उतराया लागंल ते बारापावेतर. त्यात अष्टमीचं पानी म्हंजे मेलेलं. भांगाचं. कायबी करत नाय."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचांग, घड्याळ आणि समुद्र हे तिघं या एका गणितात एकत्र नांदतात. आमच्या घरी दोन माणसांचं एवढं जमत नाही.

रविवारी पहाटे निघालो. वडखळ, नागोठणे, मग कोलाड. सकाळी लवकर पोचा, हे तुम्हाला कळकळीने सांगतो, कारण कोलाडची नदी घाटावरून येणाऱ्या पाण्यावर चालते. वर वीज तयार झाली की वापरलेलं पाणी सकाळी नदीत सोडतात. ते आलं की नदी उसळते, राफ्ट आणि कयाक सुटतात. दुपारनंतर ती पुन्हा गुडघाभर होते. चप्पल घालून जाऊ नका, पट्ट्याचे बूट घाला. कपड्यांचा दुसरा जोड न्या. नाक्यावरची मिसळ खा, पण पाण्यात उतरायच्या आधी नको.

हे सगळं मला मयूरीने फोनवर सांगितलं होतं. दादांना मी सांगितलं नाही. का, तर मी मिसळ खात होतो.

नऊच्या सुमाराला नदीवर पोचलो तेव्हा पाणी अजून आलेलं नव्हतं. दगड उघडे, मधून एक बारीक धार. त्या धारेत लाल कयाकमध्ये मयूरी बसलेली, डोक्याला हेल्मेट, हातात दुपाती वल्हं. तिने आम्हाला बघून वल्हं उंचावलं. दादांनी हात हलवला नाही, पण इकडेतिकडे बघून घेतलं, की ही आपली पोरगी आहे हे लोकांना कळलं का. मग खिशात हात घालून तज्ज्ञासारखे काठावर उभे राहिले.

"बगा भावजी. बोललो व्हतो ना? उतरतंय. बारापावेतर पार तळ लागंल."

मी मान डोलावली. मिसळीनंतर मी कशालाही मान डोलावतो.

मग पाणी आलं. आवाज नाही, इशारा नाही. एक दगड होता, तो नव्हता. मग दुसरा. धार रुंद झाली आणि वरच्या वळणावर पांढरं काहीतरी दिसायला लागलं. राफ्टवाल्या पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या.

दादांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. आकाश निळं, महिना पौषाचा, तिथी अष्टमी, ओहोटीची वेळ, आणि पाणी चढतंय. त्यांच्या आयुष्यात याचा अर्थ एकच होता.

"फुटला!" ते ओरडले. "बांध फुटला! मयू, भायेर ये! भायेर ये गो!"

आणि पँट, शर्ट, मनगटावरचं घड्याळ, सगळ्यासकट ते सरळ नदीत शिरले. मी "दादा, दादा" करत काठावर नाचलो. एका तरुण जोडप्याने फोन काढून शूटिंग सुरू केलं. दादा मांडीपर्यंत गेले, एक चप्पल वाहून गेली, दुसरा पाय दगडावरून घसरला आणि ते कमरेइतक्या पाण्यात बसले.

मयूरीने वल्हं एकदाच उलटं मारलं. ती लाल होडी जागच्या जागी फिरली आणि प्रवाहाला तिरकी होत, जणू कुणी दोरीने ओढावी तशी, दादांच्या पुढ्यात येऊन थांबली.

"बाबा, पुढचं टोक धर. दोन्ही हातांनी. पाय वर सोड. उभा नको राहू."

"बांध फुटलाय गो..."

"नाय फुटला. धर आधी."

दादांनी धरलं. साठ वर्षांत पाण्याबद्दल कुणाचं ऐकायची त्यांची ही पहिली वेळ असावी. तिने वल्ह्याच्या चार फटक्यांत त्यांना काठाला लावलं. वर आल्यावर ती हसेल असं मला वाटलं होतं. ती रडवेली झाली होती.

"पान्यात असं येतात का कोन? पोहता येतं म्हनून कसापन शिरशील? काय झालं असतं म्हंजे?"

"तू व्हतीस ना आत," दादा म्हणाले.

एवढंच. शूटिंग करणाऱ्या मुलीने फोन खाली केला आणि पर्समधून आपला टॉवेल काढून दिला. पर्यटकांबद्दल मी आजवर जे जे लिहिलंय त्यातली एक ओळ मागे घेतो.

मग पाण्याचा खरा प्रकार मी त्यांना सांगितला. वर वीज, खाली नदी. दादांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे तुमाला कवापासून म्हायती व्हतं?" मी चहा आणायला गेलो.

दुपारी पाणी उतरलं. कोलाडच्या खालच्या अंगाला, रोह्याकडे जाताना, नदी दमल्यासारखी संथ होते. तिथं नवशिक्यांना डबल कयाक मिळते, तासाला सहाशे रुपये, लाइफ जॅकेट त्यातच. घासाघीस करू नका, शिकवणाऱ्या पोरांचं पोट त्यावर आहे. मयूरी म्हणाली, "बाबा, चल. एकदा बसून बग." दादा नको म्हणतील या खात्रीने मी आधीच "जा ना दादा" म्हणालो, आणि ते गेले. मग मलाही एकट्याची होडी घ्यावी लागली. ती काठापासून सुटली ती बराच वेळ माझ्या मताला न जुमानता गोल फिरत होती. घरची सवय असल्याने मला त्याचं विशेष वाटलं नाही.

डबल कयाकमध्ये नवशिका पुढे बसतो आणि जाणता मागे. मागच्याला पुढच्याची पाठ दिसते, पुढच्याला नुसती नदी. आणि समोरासमोर बसून बापलेकीला नऊ वर्षांत जे बोलता आलं नव्हतं, ते या बसण्यामुळे निघालं. मी चार हातांवर होतो. ऐकायचं नव्हतं, पण माझी होडी हलत नव्हती.

"थंडी लय असंल तिकडं," दादा नदीकडे बघत म्हणाले.

"असंल. कपडे देतात ते."

"जेवान?"

"मी करीन ना. तुला घालते तेच."

दादांनी वल्हं आधी डावीकडे मारलं, मग उजवीकडे.

"सा म्हैने म्हंजे लावनी गेली, गनपती गेलं, कापनीपन आली," दादा म्हणाले.

"व्हय."

"मंग येशील?"

"मंग येनार ना, बाबा. कुटं जानार?"

"समज मी बोललो, नको जाऊ. तर?"

याच वाक्यासाठी मला आणलं होतं. पुढचे दोन शब्द माझे होते: संस्कार, जबाबदारी, परदेशातले धोके, सगळं तोंडपाठ करून आलो होतो.

मयूरीने वल्हं दोनदा पाण्यात घातलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तर नाय जानार."

दादांनी वल्हं मारायचं थांबवलं. ती एकटीच मारत राहिली, त्यामुळे होडी हळूहळू वळली आणि त्यांचं तोंड माझ्याकडे आलं. तिला ते दिसत नव्हतं. मला दिसलं. मी माझ्या होडीच्या नाकाकडे बघू लागलो. अशा वेळी बघण्यासारखं तेवढंच असतं.

"असं नको बोलू गो," दादा म्हणाले. "भांडायचं तरी. तुजी आई भांडायची."

"तूच एकटा हायस म्हनून नाय भांडत."

"म्हंजे मी एकटा हाय म्हनून तू हितं बसनार." दादांनी वल्हं पुन्हा पाण्यात घातलं, चुकीच्या बाजूला. "नाय, मना नाय चालनार तसं. जा तू."

"बाबा..."

"जा बोललो ना. आनि आता हे कसं सरळ करायचं ते सांग. भावजींच्या अंगावर चाललोय."

ते खरंच माझ्या अंगावर आले. मी पाण्यात पडलो. कुंडलिकेचं पाणी जानेवारीत कसं असतं हे विचारणाऱ्या वाचकांना सांगतो: प्रामाणिक असतं.

संध्याकाळी मयूरीच्या सहकाऱ्यांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डा या वासाच्या रानरोपाचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर तोंडाला पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. थंडीतच मिळते, म्हणून जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा. दादांनी शेंगा सोलून सोलून लेकीच्या ताटात टाकल्या. ती "पुरे" म्हणाली की थोडं थांबायचे, आणि तिने मान वळवली की पुन्हा टाकायचे. ज्यांना गाडी चालवायची नाही त्यांनी रोह्याहून रेल्वे धरावी. आम्ही गाडीने दादांना गावी सोडलं. सगळ्या वाटेत ते एकच वाक्य बोलले, "वळवली कशी बगा तिनं," आणि तेही काचेकडे तोंड करून.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "समजावलंस?"

"नाही."

"मग दोन दिवस केलंस काय?"

मी पाठ दाखवली. खांद्यांना तिने बाम लावला, आणि सगळं ऐकून झाल्यावर बराच वेळ लावतच राहिली. मग म्हणाली, "दादाचं आता कसं होणार?"

मी बामाच्या डबीचं झाकण लावलं.

मयूरी मेच्या सुरुवातीला गेली. दादांचा दर रविवारी फोन येतो. आधी ते 'बरं हाय ना' म्हणून ठेवायचे, आता बोलतात. चुलीवरचा भात करपला, कोंबडी पिल्लं विसरून बसली, मयूचा फोटो आला, बर्फात लाल टोपी घालून उभी आहे. मागच्या रविवारी म्हणाले, कोलाडला जाऊन आलो. एसटीने. एकटाच.

"कशाला दादा?"

"बसलो होडीत. मयूच्या जागी दुसरी पोर आलीये, गुनी हाय. तिला बोललो, तू मागं बस, आनि बोलू नको. तासभर फिरवलं तिनं." मग म्हणाले, "पुढं बसलं की मागं कोन हाय ते दिसत नाय ना, भावजी."