पदरावरचे हत्ती

जळलो. दुसरा शब्दच नाही. साडीच्या डिझाइनमध्ये पंधरा वर्षं घासली मी, आणि शहराच्या टोकाच्या कोसाडहून रिक्षाने येणारी बावीस वर्षांची एक पोरगी आठ महिन्यांत माझ्या डोक्यावर बसायला निघाली होती.

मी डिंडोलीचा, इथल्याच मराठी वस्तीतला. वडील लूमवर कापड विणायचे, घरात अहिराणी, बाहेर गुजराती, आणि कॉम्प्युटर मी चोरून शिकलो. माझा पहिला उस्ताद मी जवळ उभा राहिलो की स्क्रीनच बंद करायचा. त्यामुळे एकेक गोष्ट मला शिव्या खाऊन, माल बिघडवून कळली. आणि हिचं काय? ही सरळ विचारायची! रंग मिसळणाऱ्या मास्तरला विचारायची, छपाईच्या मशीनवरच्या माणसाला विचारायची, जेवणाच्या सुट्टीत साड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसायची. घरी कुठले कुठले व्हिडिओ बघून सकाळी मलाच सांगायची, "दादा, हे असं पण होतं, बघा ना!" कधीकाळी नवं काही कळलं की मलाही असंच व्हायचं, म्हणून तर तिचा जास्तच राग यायचा.

दिवाळीनंतर शेठ म्हणाले, लग्नसराईच्या साड्या तुम्ही दोघं काढा, ज्याचं काम सरस तो हेड डिझायनर. म्हटलं, झालं! जिच्यासाठी इतकी वर्षं थांबलो ती खुर्ची आता पोरीशी शर्यत लावून मिळवायची.

तिने पदरावर अंबारीचे हत्ती काढले. काय हत्ती होते! सोंडेवरची नक्षी, झुलीची किनार... बघून माझ्या पोटात दुखायलाच लागलं. आणि मग मला चूक दिसली. स्क्रीनवर साडी आडवी पसरलेली असते, अंगावर मात्र पदर खांद्यावरून पाठीवर उभा लोंबतो. म्हणून पदरातलं चित्र स्क्रीनवर आडवं पाडून काढायचं, डोकं साडीकडे, पाय पदराच्या टोकाकडे. तिचे हत्ती स्क्रीनवर ऐटीत उभे होते. म्हणजे पाठीवर सगळे कुशीवर झोपणार.

"दादा, बरोबर आहे ना? काही राहिलं असेल तर सांगा हं."

"एक नंबर," मी म्हणालो. "पाठव सॅम्पलला." बोलताना अडखळलोही नाही.

सॅम्पल छापून आलं. शेठच्या टेबलावर ते कधी उघडतंय याची मी वाट बघत होतो. पण ही बया आधी ते घेऊन घडीवाल्या बायकांकडे गेली आणि एकीला नेसायला लावलं. "अगं बाई, हत्ती झोपले की गं!" असा हशा पिकला. सगळ्यात जास्त तीच हसली. लाजली नाही, रडली नाही. दुपारपर्यंत सगळे हत्ती फिरवून नवं सॅम्पल काढलं आणि शेठना स्वतःच सगळी फजिती सांगून टाकली.

शेठ माझ्याकडे वळले. "पण तुम्ही पाहिलं होतं ना?"

आता काय सांगणार? पाहिलं आणि गप्प बसलो, असं म्हणू? मान खाली घालून म्हणालो, "मी वेलबुट्टीवाला, शेठ. हत्ती-घोडे कधी काढले नाहीत. मला हे माहीतच नव्हतं."

शेठनी नवं सॅम्पल उचलून तिच्या हातात दिलं. खुर्ची कुणाला मिळणार ते मला तिथेच कळलं.

केबिनबाहेर तिने मला थांबवलं. "दादा, वाईट नका वाटून घेऊ. मला तरी कुठे माहीत होतं? या, दाखवते." तिने पदर ड्रेसवरूनच खांद्यावर टाकला, पाठ माझ्याकडे केली आणि हात मागे नेऊन हत्तीचं डोकं कुठे, पाय कुठे, सगळं दाखवलं. इतकं सोपं करून मला कधी कुणाला सांगता आलं नसतं. आणि सांगताना तिला इतका आनंद होत होता, की माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"समजलं ना, दादा?"

"समजलं."

"विसरलात तर परत विचारा हं. त्यात लाजायचं काय?"

"विचारीन," मी म्हणालो.