दहा नंबरचा पाना

आमचा भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी काश्मीरमध्ये पोस्टिंगवर होतो. आमच्या कंपनीत भंडाऱ्याचे पाच जण. बातमी आली आणि त्यातले तिघे बसल्या जागी गोंदियाचे झाले. भंडाऱ्याचे उरलो दोघे, साकोलीजवळचा मी आणि आंधळगावचा लान्स नायक विलास. त्यावरून जेवताना लंगरमध्ये आमची बरेच दिवस थट्टा चालली.

पुढच्या हिवाळ्यात एका पहाटे नाल्याजवळ आमची गस्तीची तुकडी अतिरेक्यांच्या अँबुशमध्ये सापडली. पहिल्याच बर्स्टमध्ये माझी डावी नडगी फुटली आणि विलासच्या पोटात गोळी लागली. आम्ही दोघे एका खडकामागे पडलो. ते वर होते, इतके जवळ की त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मी वायरलेस सेटवर हळू आवाजात कळवलं, "टू कॅज्युअल्टी. एक सीरियस. ओव्हर."

"वेट. आवाज मत करना. आउट."

विलासनं लोकरीची टोपी दातांत धरली. तो बराच वेळ शुद्धीवर होता. माझा पाय सुन्न पडला होता, मला काहीच दुखत नव्हतं. त्याला सगळं दुखत होतं. मदत पोचली तेव्हा तो गेला होता आणि टोपी तशीच दातांत होती.

माझ्या नडगीच्या हाडाचा एक तुकडाच गायब झाला होता. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये सर्जन मेजरसाहेबांनी पायाभोवती लोखंडी रिंगा बसवल्या. रिंगांच्या तारा हाडातून आरपार गेलेल्या, आणि रिंगा एकमेकींना जोडायला नट-बोल्ट. नट दहा नंबरच्या पान्यानं रोज थोडेथोडे फिरवायचे, म्हणजे त्या चालीनं हाड वाढत जातं. "पाँव बच जाएगा," साहेब म्हणाले, "लेकिन दर्द रहेगा." दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

सिक लीव्हवर गावी आलो. पाना माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, हाती गेला. तिचे वडील चिखल्याच्या खाणीत फिटर होते. पाना कसा धरायचा हे तिला माझ्यापेक्षा बरं कळत होतं, आणि ते ती ऐकवायचीही.

"घुमवू का?"

"घुमव."

फिरवताना फारसं काही होत नसे. घटकाभरानं तारांजवळचं मांस ताणलं जाई आणि कळ मांडीपर्यंत चढे. मग मी मनातल्या मनात रायफल खोलायचो. मॅगझिन, कव्हर, स्प्रिंग, बोल्ट. पुन्हा जोडायची, पुन्हा खोलायची. कळ अगदीच सोसवेना तेव्हाच पेनकिलर. तोंडातून आवाज मात्र काढायचा नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. गावकरी बघायला येत. "पायाले टॉवर बसवला का बे?" म्हणत. कसं वाटते विचारलं की मी म्हणे, "ठीक." फौजेत पहाऱ्यावरचा संत्री "सब ठीक" असाच रिपोर्ट देतो, तीच सवय.

एका दुपारी विलासची आई आली. एकटी, बस बदलत, चिन्नोर तांदळाची पिशवी घेऊन. खाटेजवळ खाली बसली आणि रिंगांकडे बघत राहिली.

"बहुत दुखते का, बाबू?"

"ठीक आहे, मावशी."

"ठीक नोको म्हणू. मले नीट सांग. गोळी लागली तवा कसं वाटलं?"

"धक्का बसला. मंग पाय सुन्न."

"दुखलं नाई?"

"दवाखान्यात दुखाले लागलं. दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे तिथं दुखत नाई?"

'तिथं' म्हणाली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती माझ्या पायाचं विचारतच नव्हती. पोरगा गेल्यापासून हा एकच प्रश्न तिला झोपू देत नव्हता, आणि उत्तर देऊ शकेल असा माणूस मी एकटाच जिवंत होतो. मला त्या खाटेवरून उठून कुठंतरी निघून जावंसं वाटलं. पाय असा, जाणार कुठे?

"नाई मावशी," मी म्हणालो. "तिथं कोणालेच दुखत नाई. विलासलेही नाई दुखलं."

"खरं सांगून राहिला ना?"

"हाओ."

तिनं पदरानं तोंड पुसलं. सुनंदानं दिलेला चहा सगळा प्याली. "आज झोप लागन मले," म्हणाली. "येतो मंग, बाबू."

सुनंदा तिला बसमध्ये बसवून परत आली. नट फिरवायची वेळ झाली होती. तिनं पाना हातात घेतला. खडकामागचं सगळं मी तिला आधीच सांगितलेलं होतं.

"खोटं सांगतलं तुमी तिले."

"हाओ."

"बरं केलं."

पाना नटाला लागायच्या आधीच मी ओरडलो. शेजारचे धावत आले इतक्या मोठ्यानं. सुनंदानं त्यांना बाहेरूनच परत पाठवलं. काहून ओरडले, असं तिनं विचारलं नाही.

विलासला तिथं ओरडता आलं नव्हतं.