चाळीस वर्षांची तर्री

चौसष्टाव्या वर्षी नूरमोहम्मदांना स्वतःचं नाव करायची घाई झाली, आणि त्याला कारण झाले ग्रीक लोक.

शहागंजच्या मागल्या गल्लीचा आणि ग्रीकांचा तसा काही संबंध नाही. पण नात युसरा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, आणि मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नाही, त्यामुळे परीक्षा अख्ख्या घराचीच चालू असते. एका संध्याकाळी ती वाचत होती. जुन्या काळचे ग्रीक शिपाई खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहत. डाव्या हातात ढाल. ती निम्मी स्वतःला झाके, निम्मी डावीकडच्याला. म्हणून रांग सोडणारा सगळ्यात नालायक. आणि त्यांच्या लेखी सगळ्यात मोठी कमाई म्हणजे नाव, माणूस गेला तरी लोकांच्या तोंडी राहील असं.

आता ऐकावं तर माणसानं सगळं ऐकावं. म्हाताऱ्यानं ढाल या कानानं घेऊन त्या कानानं सोडली आणि नाव तेवढं धरून ठेवलं.

दुखणं जुनंच होतं. चाळीस वर्षं हा माणूस लग्नांत नान आणि मटणाचा रस्सेदार कलिया करतोय, कनातीमागं, भल्यामोठ्या देगेशेजारी, उलट्या डब्यावर बसून. लग्नाच्या फोटोंत नवरदेव येतो, घोडा येतो, आईस्क्रीमवालासुद्धा येतो. हे कधीच येत नाहीत.

"अपन मरे तो अपना नाम कौन लेंगा?" त्यांनी बायकोला विचारलं.

"पहले धनिया साफ करो," अमिना म्हणाली, "फिर मरो."

खरं सांगायचं तर नूरमोहम्मदांचं कसब रांधण्यापेक्षा वाढण्यात. मसाला सगळा अमिनाचा. कलिया शिजला की वर तांबडी तर्री तरंगते, आणि मोह पडतो तो तिचाच. पहिल्या पंगतीवर ती उधळली की शेवटच्या ताटात नुसतं पाणी. म्हणून ओगराळं सरळ तळाशी न्यायचं, बोटी उचलायची, आणि वर येताना तर्रीची नुसती कड घ्यायची. हा हात एकट्या नूरमोहम्मदांचा. देग उघडली की शेवटचं ताट जाईपर्यंत ते उठत नाहीत. चहा तिथंच, फोन तिथंच, बाकी सगळे देहधर्म तहकूब.

पडेगावच्या एका लॉनवर दुपारचं लग्न होतं. सिल्लोडच्या कापूसवाल्यांची मुलगी अदीबा. सकाळी नटायच्या आधी ती मेंदीचे हात सांभाळत स्वतः कनातीमागं आली.

"चाचा, सासू शेवटच्या पंगतीला बसणारंय. सगळं बघून मग जेवती ती. मोठ्या जावेच्या लग्नात कलिया पातळ झाला व्हता, बारा वर्षं झाली, अजून ऐकवती तिला. तेवढं सांभाळा."

"बेफिकर राह बेटा, मी बसलोय ना."

आणि तिसरी पंगत उठता उठता निरोप आला, चाचांनी स्टेजवर यावं, शाल घालायचीय. ही शाल काही आभाळातून पडली नव्हती. लग्नाची बोलणी करताना चाचांनीच लाजत लाजत म्हटलं होतं, "शाल का भी जरा देखो." त्यांनी पिशवीतून इस्त्रीची शेरवानी काढली.

"उठू नका," अमिना म्हणाली.

"नाम का सवाल है," असं म्हणून त्यांनी ओगराळं मुलाच्या, बासितच्या हातात दिलं. "दो मिनिट."

बासित देवमाणूस, आणि तोच त्याचा दोष. "भाई, जरा वरचं" असं कुणी म्हटलं की त्याला नाही म्हणवत नाही. आणि त्या दिवशी सगळ्यांनाच जरा वरचं हवं होतं.

तिकडं स्टेजवर माइक होता आणि माइकपाशी मान्यवर होते. दोन मिनिटांचा पाऊण तास झाला. शेवटी पुकारा झाला, "आता केटरिंगवाल्या चाचांचा सत्कार!" शाल पडली, टाळ्या पडल्या. ज्या नावासाठी एवढा खटाटोप, ते नाव मात्र कुणी घेतलंच नाही.

ते परत आले आणि देगेत डोकावले. रस होता, बोट्या होत्या, तांबडा ठिपका औषधालासुद्धा नव्हता. कनातीपलीकडं चाळीस बायकांची शेवटची पंगत बसत होती, आणि मधोमध अदीबाची सासू चष्मा पुसत होती.

तेव्हा त्यांना ढालीचा धडा आठवला, तोही युसराच्या आवाजात. आपण रांग सोडली आणि डावीकडं एक पोरगी उघडी पडली. तिला हे जन्मभर ऐकावं लागणार, एका शालीपायी. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. डोळे भरून आले.

"ढाल फेंक दी मैंने, अमिना."

अमिनाला ग्रीकांचं काही घेणंदेणं नव्हतं. तिनं मागच्या निखाऱ्यांवरचं झाकलेलं पातेलं दाखवलं. काठोकाठ तर्री.

"चाळीस वर्षं, देग उघडायच्या आधी एवढी काढून ठेवते मी."

"कायकू?"

"तुम कभी ना कभी उठनेवाले थे."

पातेलं तापलेलं होतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, नवऱ्याच्या खांद्यावरची शाल ओढली, तिच्यात धरून पातेलं उचललं आणि सत्कारासकट देगेपाशी आणून ठेवलं. नूरमोहम्मद शेरवानीतच उलट्या डब्यावर बसले. चाळीस ताटं त्यांनी स्वतः वाढली.

सासूबाईंनी नान मोडला, बुडवला, निरखून पाहिला, खाल्ला. मग वाटी पुढं केली. "और लाओ." बोलल्या त्या एवढंच.

शालीवरचा तांबडा डाग तीन धुण्यांत गेला नाही. पुढच्या आठवड्यात उजळणी करताना युसरा पुन्हा ग्रीकांपाशी आली, तेव्हा आजोबांनी तिला थांबवलं.

"आपली ढाल डावीकडच्याला. मग आपली उजवी बाजू कोण झाकतं?"

"उजवीकडचा, दादा."

नूरमोहम्मदांनी उजवीकडं पाहिलं. अमिना धने निवडत बसली होती. तिच्यापुढचं ताट त्यांनी आपल्याकडं ओढलं आणि खडे काढायला लागले.