श्रावणकाका आणि तीन रत्तल बारा औंस

श्रावणकाकांच्या हातात कुणाचंही बाळ दिलं, की ते आधी त्याचं वजन सांगत आणि मग ते कुणावर गेलंय ते. गेल्या हिवाळ्यात ते गेले. आर्णीच्या बाजारात चाळीस वर्षं ते कापसाचे मापारी होते; त्याआधी एका जुन्या जिनिंग कारखान्यात, जिथला काटा इंग्रजांच्या वेळचा, रत्तलाचा होता. रत्तल म्हणजे पौंड. "किलोची दुप्पट करा, अन् दुपटीचा दहावा हिस्सा वर ठेवा, झाले रत्तल," हे ते मला, म्हणजे शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवणाऱ्याला, दर दोन महिन्यांनी शिकवत. माझं वजन मात्र मुद्दाम रत्तलातच सांगत. "एकशे अठ्ठ्याण्णव, मास्तर. किलोत सांगतलं तं तुमाले थोडं वाटते."

धंद्याचा त्यांचा एकच नियम: "काटा हालून राह्यला असंन, तवा आकडा बोलू नोका." तो मी मोडला.

माझी मुलगी अमेरिकेत बाळंत झाली, दीड महिना आधीच. जावयाचा निरोप आला: मुलगी झाली, तीन पौंड बारा औंस, काचेच्या पेटीत ठेवलीय. मी कागदावर तीन पॉइंट बारा लिहिलं, फोनवर त्याचे किलो केले आणि बायकोला सांगून मोकळा झालो, एक किलो चारशे. दीड किलोच्या खालचं मूल फार जपावं लागतं, असं इथल्या डॉक्टरीणबाई कधीतरी म्हणाल्या होत्या. ते तिला नेमकं आठवलं. ती खाटेवर बसली ती बसलीच. जेवलीही नाही.

काका शेजारीच राहत. त्यांनी येऊन माझा कागद पाहिला.

"हे पॉइंट कायले लावलं, मास्तर? रुपयाचे आणे सोळा, तसे रत्तलाचे औंस सोळा. बारा आणे म्हंजे किती?"

"पाऊण," मी म्हणालो.

"मंग पावणेचार रत्तल झाले. निम्मं करा, निम्म्याचा दहावा काढून टाका."

एक किलो सातशे भरलं. दशांश चिन्हावरून मी किती पोरांचे कान पिळले असतील, ते इथे सांगत नाही.

पण बायकोचा आता आकड्यांवरच विश्वास उरला नव्हता. सकाळी चौदाशे, दुपारी सतराशे, संध्याकाळी काय सांगाल, असं तिने मला विचारलं. काका उठले. आमच्या डब्यातली तुरीची डाळ घेऊन समोरच्या किराण्यात गेले, तिथल्या काट्यावर एक किलो सातशे मोजली, मऊ फडक्यात बांधली आणि तिच्या मांडीवर आणून ठेवली.

"एवढी हाये तुही नात, सूनबाई. धरून पाह्य."

तिने गाठोडं उचललं. थोडा वेळ नुसतंच धरलं. मग नकळत त्याच्या एका टोकाखाली हात दिला, डोकं सावरायला देतात तसा.

दारात काका मला हळूच म्हणाले, "ते डाळ मांगू नोका. तिच्या मनानं ठेवन तवा ठेवन."

मग आमच्याकडे मुगावर भागलं, आणि मीही कधी नव्हे ते कुरकुरलो नाही. तेविसाव्या दिवशी फोन आला, पोर दवाखान्यातून घरी आली. बायकोने फडकं सोडलं आणि डाळ परत डब्यात ओतली.