न बोललेल्या बाईची जबानी

"आरोपीस गुन्हा कबूल आहे काय?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दुसऱ्यांदा विचारले.

आरोपी म्हणजे डोंबिवलीजवळच्या आगरी वस्तीतील सगुणा. वय विशीच्या आत. बाळंत होऊन दोन महिने झालेले. आपल्याला कोणी काही विचारीत आहे, हे तिच्या गावीही नव्हते. तिचा वकील या नात्याने मी उठलो व म्हणालो, "नाही."

पिनल कोडाचे सेक्शन ३०९ असे सांगते की, जो आपला जीव देण्याचा प्रयत्न करील त्यास एक वर्षापर्यंत साधी कैद. ज्याला जगणे असह्य झाले, त्याला तुरुंगात घालून सरकार जगण्याची गोडी लावणार! या मूर्खपणाविरुद्ध मी वरिष्ठांस अनेक पत्रे लिहिली. पण तूर्त कायदा तोच होता.

सगुणेला लोकांनी खाडीतून बाहेर काढले होते. ती घसरली की आपण होऊन उतरली, हे कोणी पाहिले नव्हते. सारा खटला उभा होता तो कल्याणच्या कचेरीतील जबानीवर. जबानी म्हणजे आरोपीने सांगावी व कारकुनाने उतरून घ्यावी अशी हकीकत. 'जिवास कंटाळून मी बुद्ध्या पाण्यात शिरले,' असे तीत स्वच्छ लिहिले होते.

नवरा धर्मा मला म्हणाला होता, "वकीलसायब, बालंत झाल्यापून ही बोलं ना, जेवं ना, निजं ना. पोर दुधाला ररते, आन हिला तुरुंगान नेतान?"

"कचेरीत काय बोलली?"

"कवा बोलली? मी दारानच उभा होतो!"

सरकारी वकील माझ्याहून तरुण. बाररूममध्ये हळूच म्हणाले, "काका, वेडी आहे म्हणा आणि मोकळे व्हा."

"मोकळा मी होईन. ती जाईल वेड्यांच्या इस्पितळात. मग तान्ह्याला पाजायला आपण येणार?"

साक्षीला यावे म्हणून लिहिलेल्या माझ्या दोन पत्रांना सिव्हिल सर्जन बधले नाहीत. तिसऱ्यात समन्सचे नाव काढताच हजर झाले. साक्ष मात्र चोख दिली. बाळंतपणानंतर काही बायकांचे मन अंधारून येते. कारणावाचून धास्ती वाटते, छाती धडधडते, आपण घराला भार झालो असे वाटू लागते. हा दुष्टपणा नव्हे, आजार आहे, आणि तो बरा होतो. जबानीच्या दिवशीच त्यांनी तिला तपासले होते. तिच्या तोंडून एक शब्दही निघाला नव्हता.

मग मी कारकुनाला पिंजऱ्यात बोलाविले.

"शेवटचे वाक्य वाचा."

"'हे मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे.'"

"हे ती बोलली?"

"ते शेवटी लिहावेच लागते."

"गहाणखतात?"

"होय."

"म्हैस विकली तरी?"

"होय, साहेब."

"खाली सहीऐवजी बांगडीची निशाणी आहे. ती कोणी काढली?"

"मीच. बायकांची आम्हीच काढतो. रिवाज आहे."

"'जिवास कंटाळून' हे शब्द कोणाचे?"

"मी विचारले, जिवास कंटाळलीस काय? ती गप्प राहिली. तेव्हा कबूल आहे असे धरले."

"म्हणजे साऱ्या जबानीत बोलले कोण?"

कारकुनाने टोपी सारखी केली. "मी."

कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेटसाहेब मात्र हसले नाहीत. "मग जीव देऊ पाहणारे आपण ठरता," एवढे म्हणून त्यांनी जबानी बाजूला सारली आणि पुराव्याअभावी सगुणेला सोडले.

मी विजयी मुद्रेने बाहेर आलो, तो सासू तिला म्हणत होती, "चल, आता कामाला लाग." माझा संताप अनावर झाला. डॉक्टरांचे म्हणणे मी सासूला पायरीवरच ऐकविले: हिला एकटी सोडायची नाही, पोटभर झोपू द्यायचे, पोर इतरांनी घ्यायचे, आणि मनात काय येते ते न रागावता रोज विचारायचे. धर्माकडून ते तीनदा वदवून घेतले.

चार महिन्यांनी माझ्या नौपाड्यातील घराबाहेर गलका झाला. सगुणा रस्त्यातच नवऱ्याला फैलावर घेत होती.

"वकीलबाबा, यांना सांगा, पोराला असा धरतान? पाय बघा कसे लोंबतान!"

धर्मा तोंडभर हसत होता. इतके सुश्राव्य भांडण मी उभ्या हयातीत ऐकले नाही.

तात्पर्य एवढेच. खचलेला माणूस गप्प राहिला, तर ती कबुली नव्हे. त्याच्यापाशी बसावे आणि पुन्हा विचारावे. दौत-लेखणी तोवर दूर ठेवावी.