दीदी पुन्हा मंत्री झाल्या तेव्हा

बातमी आली तेव्हा दीदी माझ्या दवाखान्यात भिंतीला तोंड करून उभ्या होत्या आणि उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवर चढवत होत्या. खांदा आखडलेल्या माणसाला हा व्यायाम देतात. बोटं थांबतील तिथं मी पेन्सिलीनं खूण करते आणि पुढच्या वेळी त्या खुणेच्या वर जायचं. दीदींची खूण बरेच दिवस डोळ्यांच्या उंचीवर अडकून बसली होती.

समता कॉलनीत माझा फिजिओथेरपीचा लहानसा दवाखाना आहे. आम्ही मूळचे गोंदियाकडचे. बाबा रेल्वेत गार्ड होते, बदली होऊन रायपूरला आले आणि मग आम्ही सगळे इथलेच झालो. दीदी ह्या आमच्या राज्याच्या एकेकाळच्या कामगार मंत्री. मंत्रिपद जाऊन काही वर्षं झाली होती, आमदारकी तेवढी शिल्लक होती. घरच्या अंगणात पाय घसरून पडल्या, हाताचं हाड सांधलं, पण खांदा धरला, म्हणून माझ्याकडे यायच्या. सोबत एकच सुरक्षारक्षक, तोही बाहेर खुर्ची टाकून मोबाइल बघत बसायचा.

पहिल्या दिवशी मी त्यांना थेट आत बोलावलं. त्यांनी बाकावरच्या म्हाताऱ्या बाईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या माझ्या आधीच्या आहेत ना? जाऊ दे त्याईले." त्यांच्या आईचं माहेर भंडाऱ्याचं, त्यामुळे मराठी यायची, मधे मधे हिंदीची ठिगळं लावलेली. त्यानंतर दीदी रोज तशाच पाळीची वाट बघत बसल्या. कुणी ओळखायचं, कुणी नाही. ओळखणारेही 'आधी मंत्री होत्या' असं एकमेकांच्या कानात सांगायचे, जसं एखाद्याच्या आजाराबद्दल सांगतात.

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, त्यांचा डावा हात मीच रोज हलवून घ्यायची. त्यांची आणि दीदींची वेळ एकच. बाबांनी त्यांना पाहिलं आणि तोंड फिरवलं. कारण मला माहीत होतं. दीदी मंत्री असताना बाबा माझ्या भावाची बदली जगदलपूरहून रायपूरला करा म्हणून विनंती घेऊन गेले होते आणि दीदींनी तिथल्या तिथं नाही म्हटलं होतं. बाकीचे मंत्री 'बघतो' म्हणतात. बाबांना नकारापेक्षा तो तोंडावर मिळाला ह्याचा राग जास्त.

तिसऱ्या दिवशी शेवटी ते म्हणालेच, "मॅडम, तुम्ही मले ओळखत नसाल. माझ्या पोराच्या बदलीचं काम तुम्ही केलं नव्हतं."

मी मनात म्हटलं, झालं. दीदींनी व्यायामाच्या कप्पीची दोरी ओढता ओढता विचारलं, "काहून नाही केलं म्हणे मी?"

"तुम्ही म्हणाल्या, तुमच्या पोराले आणलं तर दुसऱ्याच्या पोराले तिकडं धाडावं लागीन."

"बरोबरच बोलली मग." आणि दोरी पुन्हा ओढत, "आता कुठं आहे तो?"

"आला इकडं. त्याची पाळी आल्यावर."

"मग काकाजी, भांडण कशाचं?"

बाबा हसले. झटक्यानंतर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, ते हसू वाकडंच आलं, पण बऱ्याच दिवसांनी आलं. त्या दिवसापासून दोघं व्यायाम करता करता भांडायला लागले. रेल्वेवर, महागाईवर, पोह्यात जलेबी बुडवून खावी की वेगळी खावी ह्यावर. एकाचा डावा हात, एकीचा उजवा. बाबांना बोलायला लावण्यासाठी मी जे महिनोन्‌महिने करत होते ते ह्या भांडणांनी आपसूक झालं.

त्यांचं मंत्रिपद का गेलं हे कुणी जाहीर सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. सिलतऱ्याकडच्या एका कारखान्यात भिंत कोसळून मजूर दबले. दीदी तिथं पोचल्या आणि शेवटचा माणूस बाहेर काढेपर्यंत गेटवरून हलल्या नाहीत. पुढं तो कारखाना बंद ठेवायचा त्यांनी हट्ट धरला. थोड्याच महिन्यांनी मंत्रिमंडळात फेरबदल झाले आणि नव्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. एकदा मी त्यांना विचारलं, वाईट नाही वाटलं? त्या म्हणाल्या, "वाटलं ना. पहिल्या दिवाळीले लई वाटलं. दरवर्षी गेटपासून माणसं उभी राहायची. त्या वर्षी मी उगीच एवढा फराळ करून ठेवला. मग डबे भरले अन् सिलतऱ्याले घेऊन गेली. जायचंच होतं, म्हटलं आजच जाऊ."

तर त्या दिवशी दुपारी त्या भिंतीवर बोटं चढवत होत्या आणि टेबलावरचा त्यांचा फोन थरथरत सरकत कडेला आला. मी उचलून दिला. त्यांनी डाव्या हातानं कानाला लावला. "जी," म्हणाल्या. मग बराच वेळ ऐकलं आणि पुन्हा "जी." फोन मला परत दिला. चेहऱ्यावर काहीच नाही. भिंतीकडे वळल्या आणि बोटं पुन्हा खालपासून चढवायला लागल्या.

बाहेरच्या खोलीत टीव्ही सुरू होता. रिसेप्शनवरची मुलगी धावत आत आली. घरी मराठी, पण बोलणं सगळं हिंदीत. "दीदी! आपका नाम आ रहा है नीचे पट्टी में! कल शपथ है!" तिच्या मागं गुडघ्याच्या पेशंट बाई, मानेला पट्टा लावलेले मास्तर, सगळे दारात. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि गुडघे विसरून पुढं आल्या. बाबा खुर्चीतून उठायला बघत होते.

दीदी वळल्या. डोळे भरलेले होते, आवाज मात्र रोजचाच. मला म्हणाल्या, "शपथ घेताना हात वर नाही करा लागत ना?"

"नाही."

"मग होऊन जाईल."

आणि सगळे हसत सुटलो.

दुसऱ्या दिवशी शहराला जाग आली ती फटाक्यांनी. चौकाचौकात दीदींचे फ्लेक्स लागले होते. फोटो निदान पंधरा वर्षांपूर्वीचा असावा, केस काळेभोर. खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची दाटी. बाबांनी ऑटोतून बघितलं आणि म्हणाले, "हे सारे कालपर्यंत कुठं होते?" त्यांनी सकाळीच इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मला दीदींच्या घरी न्यायला लावलं होतं. डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका सांगितलं होतं, ते त्यांनी सोयीनं ऐकलं नव्हतं.

दीदींचं घर जुन्या पाऱ्यातलं, म्हणजे शहराच्या जुन्या वस्तीतलं, गल्ली अरुंद. शपथविधी उरकून त्या यायच्या होत्या. गल्लीच्या तोंडापासून गर्दी. ढोल, गुलाल, पेढ्यांचे डबे, मोठ्या गाड्या. पण मला आश्चर्य वाटलं ते दुसऱ्याच माणसांचं. उरला भागातल्या कारखान्यांच्या पाळीवरून सुटलेले कामगार तसेच आले होते, बुटांवर लोखंडाची तांबूस धूळ घेऊन. सिलतऱ्याच्या बायका मालवाहू टेम्पोत उभ्यानं आल्या होत्या. कुणी आणलं म्हणून आलेल्या माणसांसारखे ते दिसत नव्हते. आणलेली माणसं सारखी घड्याळ बघतात. हे लोक गल्लीच्या तोंडाकडे बघत होते.

आमच्या शेजारी भिंतीला टेकून एक बाई उभी होती. माझ्याच वयाची असेल. बाबांना तिनं आपल्या सावलीच्या जागेत घेतलं. मी विचारलं तेव्हा कळलं, त्या कोसळलेल्या भिंतीखाली तिचा नवरा गेला. ती पुढं म्हणाली, छत्तीसगढीत, "पद रिहिस त एक बेर आइस, पद गिस त बेर-बेर आइस." पद होतं तेव्हा एकदा आली, पद गेल्यावर परत परत आली. भरपाईसाठी चकरा मारायची कामं, मुलीचं नर्सिंगचं ॲडमिशन, सासूचं दुखणं, सगळ्याला दीदी येऊन जायच्या. कधी काही जमायचं, कधी नाही जमायचं. नाही जमलं तर तसं सांगायलाही यायच्या.

मागं उभा एक तरुण हिंदीत म्हणाला, "सब वोट का खेल है, अंकल."

बाबांनी मान वळवली. "असंन," म्हणाले. "पर त्या अपघाताच्या गावातल्या चार घरांच्या मतांनी कोणी निवडून येत नाही, बाबू." त्या पोराला मराठी समजली की नाही देव जाणे, पण सूर समजला.

मग गाडी आली आणि गर्दी एकदम पुढं सरकली. हारांनी दीदींचा चेहरा झाकला गेला. एक जाडजूड गृहस्थ सगळ्यांना बाजूला सारत सगळ्यात मोठा हार घेऊन पुढं झाले. ते एकदा माझ्या दवाखान्यात कंबर दाखवायला आले होते आणि दीदी बाकावर बसलेल्या दिसताच फोनवर बोलण्याचं नाटक करत बाहेर निघून गेले होते. दीदींनी त्यांचा हार घालून घेतला, घरच्यांची चौकशी केली आणि आत जाऊन पाणी प्या म्हणाल्या. बाबांना ते मुळीच आवडलं नाही. मलाही नाही. इतकं मोठं मन करायची गरज नव्हती असं वाटलं, आणि तेव्हाच हेही वाटलं की आपल्याला जमलं नसतं.

ह्या रेटारेटीत बाबांचा तोल गेला. मी एका बाजूनं धरलं, त्या बाईनं दुसऱ्या. ओट्यावर चढलेल्या दीदींनी ते पाहिलं आणि जोरात ओरडल्या, "अरे, काकाजीले जागा द्या! रास्ता दो उनको!" आणि गर्दीच्या डोक्यावरून आमच्याकडे हात केला. उजवा हात, सरळ, कानाला लागेल इतका वर. दवाखान्याच्या भिंतीवर तो हात इतका वर कधी गेला नव्हता. ढोल वाजत होते, लोक जयजयकार करत होते, आणि मी एकटीच त्या खांद्याकडे बघून रडत होते. त्यांनाही उशिरा कळलं असावं, कारण हात खाली घेताना त्यांनी दुसऱ्या हातानं खांदा चाचपला.

लोकांनी वाट केली. आम्ही ओट्यापर्यंत पोचलो. सगळे काही ना काही मागत होते. दीदींनी बाबांना विचारलं, "बोला काकाजी, तुमचं काय?"

"मले काही नाही मांगायचं," बाबा म्हणाले. "एक विचारतो. पुन्हा काढलं तुमाले, तर?"

आजूबाजूचे चपापले. अशा दिवशी कुणी असं बोलतं का! दीदी मात्र अगदी मोकळेपणी हसल्या. "तर तुमच्या शेजारी येऊन बसीन बाकावर. जागा धरून ठेवा."

नंतरच्या महिन्यांत सगळं काही गोड झालं असं नाही. भिंत कोसळलेला तो बंद कारखाना दीदींच्या कामगार खात्यानं पुन्हा सुरू होऊ दिला, तेव्हा पेपरांनी टीका केली, आणि बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींनी बाबांना गाठलं. बाबा म्हणाले, मी तिची वकिली नाही करून राहिलो, पण आधी जाऊन पाहा तरी आत काय बदललं ते. स्वतः ते गेले नव्हते. मी गेले.

सिलतऱ्याला कामगारांसाठी आरोग्य शिबिर होतं आणि पाठदुखीसाठी मला बोलावलं होतं. त्याच कारखान्यात. गेटच्या आत वजनकाट्याजवळ पत्र्याचं एक नवं छप्पर दिसलं, खाली सिमेंटचे बाक, पाण्याची टाकी. दुपारची सुट्टी झाली आणि विटा-माती वाहणाऱ्या बायका डबे घेऊन तिथं बसल्या. मी त्यांना कमरेचे व्यायाम दाखवले, त्यांनी मला बेसनाची ठेठरी खायला दिली.

मी छपराचं विचारलं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कारखाना उघडायच्या परवानगीआधी दीदी न सांगता आल्या होत्या. मशिनी बघितल्या, भिंती बघितल्या, आणि मग विचारलं, बायका जेवतात कुठं? साहेब लोक एकमेकांकडे बघू लागले. जागाच नव्हती तर दाखवणार काय? जुन्या बायकांपैकी एकीनं बोट दाखवलं, त्या तिकडं विटांच्या ढिगावर. दीदी उन्हात त्या ढिगावर जाऊन बसल्या, तिच्याच डब्यातली भाजी-भाकरी खाल्ली, आणि साहेबांनाही बसायला लावलं. ते सांगताना बायका इतक्या हसत होत्या की घास लागायची वेळ आली. सुटाबुटातला साहेब तापलेल्या विटेवर कसा टेकला आणि कसा उठला, ह्याची नक्कल एकीनं उभं राहून करून दाखवली.

"छप्पर चांगलं आहे," मी म्हटलं.

"हव," नक्कल करणारी म्हणाली आणि वर बोट दाखवलं. त्या कोपऱ्यात पाऊस आला की गळतं. दीदीला निरोप धाडलाय.

"मग?"

"मग काय," ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "येईलच ती. नाही आली तर फोन करू."